सान निकोलासवरून दिसतं ते काय: एका स्पॅनिश परिच्छेदाचं प्रकरण

पुण्यात माझ्याकडे स्पॅनिश शिकणारी एक विद्यार्थिनी एप्रिलमध्ये दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाला जाऊन आली. तिथे ती ज्या घरी उतरली होती, त्या घरच्या आजींना तिने परतल्यावर पत्र लिहायला घेतलं. आजी जन्मापासून ग्रानादाच्या. पत्राचा गाभा म्हणजे आल्बाइसीन या जुन्या वस्तीतल्या सान निकोलासच्या मिरादोरवरून, म्हणजे समोरचं पाहण्यासाठी राखलेल्या त्या चौकातून, जे दिसलं त्याचं वर्णन. तिची स्पॅनिश मधल्या पातळीची आहे, काळ बरोबर येतात, लिंगवचनही सहसा चुकत नाही. तरीही परिच्छेद वाचताना तिथे काय दिसतं ते मला दिसेना. परिच्छेद असा होता:

«देस्दे एल मिरादोर एल एसेनारियो एस मुइ बोनीतो. आय ऊना मोन्तान्या इ एन ला मोन्तान्या आय ला आलाम्ब्रा रोखा. आत्रास आय मोन्तान्यास कोन निएबे. आबाखो आय एल रिओ. मि आबितासिओन तेनिआ बिस्ता दे ला आलाम्ब्रा. एल पाइसाखे दे ला खेन्ते कोन गितार्रास एस लिन्दो. तोदो एल पानोरामा एस एसेनिको.»

तिच्या मनातलं मराठी साधारण असं: मिरादोरवरून देखावा फार सुंदर आहे. एक डोंगर आहे आणि डोंगरावर लाल अल्हाम्ब्रा आहे. मागे बर्फाचे डोंगर आहेत. खाली नदी आहे. माझ्या खोलीतून अल्हाम्ब्राचं दृश्य दिसायचं. गिटार घेतलेल्या लोकांचं दृश्य छान आहे. सगळा देखावा निसर्गरम्य आहे.

(अल्हाम्ब्रा म्हणजे ग्रानादावर राज्य केलेल्या नासरी सुलतानांचा टेकडीवरचा किल्ला-महाल. उच्चाराबद्दल एवढंच: स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ अक्षराचा उच्चार ‘ब’ होतो, म्हणून ‘बिस्ता’, ‘निएबे’. आणि ‘ख’ इथे घशातून येणारा, घासलेला.)

प्रत्येक शब्द स्पॅनिश आहे आणि शब्दकोशात सापडतो. तरी आजी पहिल्याच ओळीला थबकल्या असत्या.

‘एसेनारियो’ आला कुठून

मी तिला विचारलं, हा शब्द का घेतलास? ती म्हणाली, “मॅडम, सीनरीला हाच शब्द दाखवला की.” आपण स्पॅनिश शिकतो ते बहुतेक इंग्रजीच्या खांद्यावरून. इंग्रजीत रंगमंचावरच्या सजावटीला आणि डोंगरदऱ्यांना एकच शब्द चालतो, आणि त्याच्याशी आवाजाने जुळणारा शब्द स्पॅनिशमध्ये समोर आला की हात आपोआप तिकडे जातो. मराठी माणसाच्या बाबतीत मला आणखी एक कारण दिसतं. आपला ‘देखावा’ही असाच दुहेरी आहे. गणपतीत मंडळ उभारतं तोही देखावा आणि पन्हाळ्याच्या तटावरून दिसतो तोही देखावा. त्यामुळे रंगमंचाचा शब्द निसर्गाला लावताना मराठी कानाला काही खटकत नाही. इंग्रजीने वाट दाखवली आणि मराठीने अडवलं नाही, असं हे झालं.

स्पॅनिशमध्ये मात्र ही दोन घरं वेगळी आहेत. ‘एसेनारियो’ म्हणजे रंगमंच, किंवा एखादी घटना जिथे घडली ती जागा. गुन्ह्याची जागा ‘एसेनारियो’, लढाईची जागा ‘एसेनारियो’. गणपतीच्या देखाव्याला ‘देकोरादो’ किंवा ‘एसेनोग्राफिआ’ म्हणता येईल. डोंगरदऱ्यांना यातलं काहीच लागू नाही. गंमत अशी की सान निकोलासवरून डावीकडे जे खेनेरालीफे दिसतं, नासरी सुलतानांचा बागांचा महाल, तिथे खुलं नाट्यगृह आहे आणि १९५२ पासून चालत आलेल्या ग्रानादाच्या संगीत-नृत्य महोत्सवाचे नृत्याचे कार्यक्रम तिथे होतात. म्हणजे ‘एसेनारियो सुंदर आहे’ हे वाक्य ग्रानादाच्या माणसाने ऐकलं, तर तो त्या रंगमंचाबद्दल बोलणं चाललंय असं समजू शकतो. तिथे तो शब्द अगदी बरोबर ठरेल.

शेवटच्या ओळीतला ‘एसेनिको’ हे त्याचंच भावंड. मेक्सिकोत तिहुआना ते एन्सेनादा या समुद्रकाठच्या रस्त्याला ‘कार्रेतेरा एसेनिका’ म्हणतात, तेव्हा अमेरिका खंडात या शब्दाला निसर्गाचा अर्थ काही ठिकाणी चिकटला आहे हे खरं. पण स्पेनमधल्या आजींसाठी तो शब्द नाटकाच्या थिएटरातच राहतो. तिथे रस्ता ‘पानोरामिका’ असतो.

आधी एक प्रश्न: तू उभी कुठे आहेस?

योग्य शब्दांची यादी देणं सोपं होतं. त्याऐवजी मी तिला प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न लिहायला लावला: या वाक्यात पाहणारा कुठे आहे? माझं ठाम मत आहे की दृश्याबद्दलचे स्पॅनिश शब्द सौंदर्याच्या कमीअधिक मापाने निवडले जात नाहीत. ते निवडले जातात पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांच्यातल्या नात्यावरून. ते नातं एकदा पक्कं केलं की अर्धे शब्द आपणहून गळून पडतात.

मिरादोरवर ती एका ठरावीक जागी उभी होती. समोर दिसणारं सगळं त्या जागेमुळे दिसत होतं. दोनशे पावलं मागे गल्लीत गेली असती तर भिंतच दिसली असती. जागेने पाहणाऱ्याला जे दिलं, त्याला ‘बिस्ता’ म्हणतात. स्पेनमध्ये या अर्थाने बहुतेकदा अनेकवचन येतं: ‘लास बिस्तास’. हॉटेलच्या जाहिरातीत तिथे ‘कोन बिस्तास आल मार’ असतं, मेक्सिको किंवा कोलंबियात तेच ‘कोन बिस्ता आल मार’ होतं. दोन्ही शुद्ध. तिचं ॲप लॅटिन अमेरिकेचं, म्हणून तिला एकवचनाची सवय. पत्र ग्रानादाला जाणार, म्हणून आम्ही अनेकवचन घेतलं.

इथे तिने चांगला प्रश्न विचारला: मग ‘पाइसाखे’ का नको? तो तर सगळ्यात आधी शिकवतात.

‘पाइसाखे’ फ्रेंचमधून आला, मुळात ‘प्रदेश’ या अर्थाच्या शब्दावरून. स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश त्याचीही व्याख्या एखाद्या जागेवरून पाहता येणारा भूभाग अशीच करतो, तेव्हा पाहणारा त्यात मुळीच नाही असं म्हणता येणार नाही. पण वापरात भर जमिनीवर पडतो. ग्रानादाहून खाएनकडे बसने जाताना तासभर ऑलिव्हच्या रांगा सरकत राहतात, तेव्हा खिडकीतून बदलतं ते ‘पाइसाखे’. तिथे तुमची जागा गौण, प्रदेशाचा चेहरा मुख्य. शिवाय चित्रकलेत ‘पाइसाखे’ म्हणजे निसर्गचित्र. आपल्याकडे लोक हॉलमध्ये ‘सीनरी’ लावतात, तिचं स्पॅनिश नाव ‘उन पाइसाखे’. कार्लोस दे हाएस हा चित्रकार १८५७ मध्ये माद्रिदच्या सान फेर्नान्दो अकादमीत निसर्गचित्रणाचा प्राध्यापक झाला, आणि त्याने विद्यार्थ्यांना स्टुडिओतून उठवून उघड्यावर नेलं. पिकोस दे एउरोपाच्या कड्यांचं त्याचं १८७६ चं मोठं चित्र प्रादो संग्रहालयात आहे. ते ‘पाइसाखे’.

तिचा आणखी एक समज होता, आणि तो मला बऱ्याच मराठी विद्यार्थ्यांत दिसतो. ‘पाइसाखे’ म्हणजे निसर्ग, म्हणून घरं-गल्ल्या असलेल्या गावाला तो चालत नाही, असं त्यांना वाटतं. हा समज सोडायला हवा. माणसाच्या हाताने घडलेल्या प्रदेशालाच हा शब्द आज जास्त मानाने लावला जातो. युनेस्कोच्या यादीत मेक्सिकोतल्या तेकिलाची घायपाताची शेती २००६ मध्ये आली ती ‘पाइसाखे आगावेरो’ म्हणून. कोलंबियाचा कॉफी-प्रदेश २०११ मध्ये आला तो ‘पाइसाखे कुल्तुराल काफेतेरो’ म्हणून. त्याच वर्षी स्पेनच्या मायोर्का बेटावरचा त्रामुन्तानाचा डोंगरउतार आला, जिथे पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून पायऱ्यांची शेती केलेली आहे. २०२१ मध्ये तर माद्रिदचा प्रादो मार्ग आणि रेतीरो बाग हा भर शहरातला तुकडा यादीत आला आणि त्याला तिथले लोक ‘पाइसाखे दे ला लुस’, प्रकाशाचा प्रदेश, म्हणतात. युरोपीय परिषदेने फ्लॉरेन्समध्ये २००० साली केलेला करार स्पेनमध्ये २००८ पासून लागू आहे, त्याचं नावच ‘पाइसाखे’चा करार. त्यात देखण्या जागांइतकीच रोजची, अगदी बिघडलेली जागाही धरली आहे.

तेव्हा ‘पाइसाखे’ ग्रानादाला लावता येतो, प्रश्नच नाही. फक्त तिच्या पहिल्या वाक्यात ‘मिरादोरवरून’ हा शब्द आधीच येऊन बसला होता. जागा सांगितली की वाचक त्या जागेच्या दानाची वाट पाहतो. म्हणून ‘बिस्तास’.

चित्रकलेतलं एक उदाहरण मी तिला दाखवलं, आणि तिथे नियमाला थोडा तडाही गेला. एल ग्रेकोचं तोलेदोवरचं प्रसिद्ध चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, १६०० च्या आसपासचं. स्पॅनिशमध्ये त्याला ‘बिस्ता दे तोलेदो’ म्हणतात. पण चित्रकाराने त्यात कॅथीड्रल मूळ जागेवरून हलवून आल्कासार या किल्ल्याच्या डावीकडे आणलं आहे. अशी ‘बिस्ता’ कुठल्याच जागेवरून दिसत नाही. तरीही नाव चालतं, कारण चित्र आपल्याला एका जागी उभं करतं.

‘आ’ आणि ‘दे’

खोलीबद्दलचं वाक्य वरवर निर्दोष दिसतं: ‘बिस्ता दे ला आलाम्ब्रा’. पण ‘दे’ लावला की अर्थ झुकतो चित्राकडे. पोस्टकार्डावर असते ती ‘ऊना बिस्ता दे ग्रानादा’. खिडकीचं तोंड जिकडे आहे ते सांगायला ‘आ’ लागतो: ‘बिस्तास आ ला आलाम्ब्रा’. आणि रोजच्या बोलण्यात त्याहून सोपं क्रियापद आहे, ‘दार आ’, शब्दशः ‘कडे देणे’. ‘ला बेन्ताना दा आल पातिओ’ म्हणजे खिडकी अंगणाकडे उघडते.

मग मी विचारलं, खरंच दिसायची का खोलीतून? ती म्हणाली, “नाही, खोलीतून पातिओच दिसायचा. अल्हाम्ब्रा वर गच्चीवर गेलं की दिसायची, तीसुद्धा फक्त आल्कासाबाचे बुरूज.” (आल्कासाबा म्हणजे अल्हाम्ब्राचा किल्ल्याचा भाग.) हे कितीतरी चांगलं वाक्य होतं. आजींना त्यांच्या खोलीतून काय दिसतं हे पक्कं ठाऊक आहे. त्यांच्याच घराचं खोटं कौतुक त्यांना कशाला पाठवायचं?

नदीचंही तेच झालं. ‘खाली नदी आहे.’ दारो नदी सान निकोलास आणि अल्हाम्ब्राच्या मधल्या खोल दरीतून वाहते हे नकाशावर बरोबर, पण मिरादोरवरून ती दिसत नाही, मध्ये घरांची कौलं येतात. दारो पाहायची तर खाली उतरून पासेओ दे लोस त्रीस्तेसपर्यंत जावं लागतं. तिने ती पुस्तकातून आणून वर्णनात ठेवली होती. आम्ही ती काढली. त्या बदल्यात तिला आठवलेली खरी गोष्ट आली: कौलांमधून वर आलेले सरूचे शेंडे. आल्बाइसीनमध्ये भिंतींआड बाग असलेली घरं आहेत, त्यांना ‘कार्मेन’ म्हणतात, द्राक्षमळा या अर्थाच्या अरबी शब्दावरून. सरू तिथलेच.

‘आय, आय, आय’

नामांवर मी एवढं लिहिलं, पण या परिच्छेदाचं खरं दुखणं क्रियापदांत होतं. सात वाक्यांत ‘आय’ (आहे, असतं) चार वेळा आणि ‘एस’ (कसं आहे ते सांगणारं ‘आहे’) तीन वेळा. शिवाय ‘आय ला आलाम्ब्रा’ ही व्याकरणाचीही चूक. ‘आय’ अनोळखी गोष्टीसाठी: एक टेकडी आहे, काही झाडं आहेत. अल्हाम्ब्रा जगाला माहीत असलेली एकमेव, तिला ‘एस्ता’ (कुठे आहे ते सांगणारं ‘आहे’) लागतं.

पण ‘एस्ता’ घालून वर्णन जिवंत झालं नसतं. मराठीत तरी आपण असं लिहितो का? डोंगर ‘आहे’ असं लिहून थांबणारा माणूस विरळा. डोंगर उभा ठाकतो, माळ पसरतो, वाट नागमोडी जाते, सुळका डोकावतो. ही सगळी ऐट आपल्या भाषेत आहे, आणि स्पॅनिशमध्ये तिला जोड मिळते ती फार जवळची. ‘से आल्सा’ म्हणजे उंच उभा राहतो. ‘से एक्स्तिएन्दे’ म्हणजे पसरतो. ‘सेर्पेन्तेआ’ म्हणजे नागमोडी वळणं घेतो, आणि त्यातही साप आहेच. ‘आसोमा’ म्हणजे डोकावतो, आणि ते माणसालाही लागतं आणि झाडालाही, मराठीसारखंच. माणूस मिरादोरच्या कठड्याशी येऊन पाहतो तेव्हा तो ‘से आसोमा’, आणि कौलांआडून सरू ‘आसोमा’. मी तिला म्हटलं, इंग्रजीला जरा वेळ बाजूला ठेव आणि सांगलीला घरी फोनवर सांगशील तसं मराठीत सांग. तिने सांगितलं: “समोर टेकडीवर अल्हाम्ब्रा उभी, मध्येमध्ये सरू डोकावतात, उजवीकडे गाव संपलं की सपाट मळी पसरलीय, आणि मागे बर्फाचा डोंगर असा कापून काढल्यासारखा.” स्पॅनिश परिच्छेद इथेच तयार झाला होता.

‘कापून काढल्यासारखा’ हे तर अद्भुत निघालं. मराठीत त्यासाठी एक क्रियापद नाही, पण स्पॅनिशमध्ये नेमकं तेच आहे: ‘रेकोर्तार’, कात्रीने कडेकडेने कापणे. आकाशावर एखाद्या गोष्टीची कड स्पष्ट उठून दिसते तेव्हा ती ‘से रेकोर्ता’.

जागा दाखवणारे शब्दही या निमित्ताने बदलले. ‘आत्रास’ स्पेनमध्ये मुख्यतः मागे जाण्यासाठी, हालचालीसाठी. स्थिर वस्तूला ‘देत्रास’, आणि चित्राच्या खोलवर, अगदी मागच्या थराला ‘आल फोन्दो’. समोर ‘एन्फ्रेन्ते’. हे चार शब्द नीट बसले की वाचकाच्या डोळ्यांना चालायला वाट मिळते.

सगळेच ‘मोन्तान्या’ कसे

अल्हाम्ब्रा ज्यावर आहे ती साबीका टेकडी. तिच्या मागे लांबवर सिएरा नेबादा, जिचं बेलेता शिखर सुमारे ३,४०० मीटर उंच आहे. तिने दोन्हींना ‘मोन्तान्या’ म्हटलं. हीच मुलगी मराठीत टेकडीला कधी डोंगर म्हणणार नाही. टेकडी, डोंगर, रांग, सुळका, कडा, पठार, खिंड, माळ यांतला फरक तिला शिकवावा लागलेला नाही. परक्या भाषेत गेलं की आपण ही श्रीमंती दारात ठेवून आत जातो, याचं मला वाईट वाटतं. स्पॅनिशमध्ये प्रत्येकाला घर आहे: टेकडीला ‘कोलिना’ किंवा ‘सेर्रो’, रांगेला ‘सिएरा’ (करवतीलाही हाच शब्द, दात्यांमुळे), शिखराला ‘पीको’, पठाराला ‘मेसेता’, खिंडीला ‘पुएर्तो’, जो बंदरालाही चालतो. रोन्दा गावाला दुभंगणाऱ्या शंभर मीटरहून खोल घळीला ‘ताखो’ म्हणतात. आणि सांगलीच्या मुलीला कृष्णाकाठची मळीची जमीन ठाऊक असते, तिला ‘बेगा’ समजावून सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ग्रानादाच्या पश्चिमेला नदीच्या पाण्यावर पिकणारं सपाट रान, ती ‘ला बेगा’.

लाल की लालसर

‘आलाम्ब्रा रोखा’. अल्हाम्ब्रा हे नावच अरबीत ‘लाल’ या अर्थाचं, त्यामुळे ‘लाल अल्हाम्ब्रा’ म्हणजे पुनरुक्ती, हा झाला पुस्तकी आक्षेप. डोळ्यांचा आक्षेप वेगळा आहे: त्या भिंती लाल नाहीत, लालसर आहेत. दुपारी मातकट, संध्याकाळी तांबूस. इथे मराठीचा ‘-सर’ आणि ‘-ट’ कामाला आला. लालसर म्हणजे ‘रोखीसो’, निळसर ‘आसुलादो’, हिरवट ‘बेर्दोसो’, पांढरट ‘ब्लान्केसीनो’, पिवळट ‘आमारियेन्तो’. आपण ‘पिवळट’ म्हणतो तेव्हा त्यात थोडी आजाराची किंवा जुनेपणाची छटा असते, ‘आमारियेन्तो’तही ती असते. कौतुकाच्या वर्णनात दोन्ही जपून वापरावे लागतात. सोनेरी म्हणायचं तर ‘दोरादो’ आहे, तो स्वच्छ.

संध्याकाळच्या शब्दावर थोडं थांबलो. सान निकोलास सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे लोक तोंड करून उभे असतात ते दक्षिणेकडे, अल्हाम्ब्राकडे. सूर्य मावळतो उजव्या हाताला. म्हणजे वर्णन करायचं ते मावळत्या सूर्याचं नाही, त्याच्या प्रकाशात रंगलेल्या भिंतींचं. म्हणून ‘पुएस्ता दे सोल’ हा घटनेचा शब्द सोडला आणि ‘आल आतार्देसेर’, दिवस कलताना, हा वेळेचा शब्द घेतला.

गिटारवाले आणि ‘पानोरामा’

चौकात बसून गिटार वाजवणारे लोक ‘पाइसाखे’ होऊ शकत नाहीत. ते प्रदेश नाहीत, घडणारी गोष्ट आहेत. तिथे ‘एसेना’ चालतो, वातावरण म्हणायचं तर ‘आम्बिएन्ते’, आणि त्या गावाचं ठरलेलं, पुन्हापुन्हा दिसणारं चित्र म्हणायचं तर ‘एस्ताम्पा’, जो मुळात छापील चित्राचा शब्द आहे. ‘एस्ताम्पा’ मला आवडतो, पण पाहुण्याने यजमानांच्या गावाला लावला तर त्यात पर्यटकाचं अंतर येतं. म्हणून आम्ही नाम टाळून साधं वाक्य केलं: तिथे नेहमी कुणीतरी गिटार वाजवत असायचं.

‘पानोरामा’चा उगम माहीत असला तर त्याचा वापर चुकत नाही. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये गोलाकार चित्राची पद्धत नोंदवली. प्रेक्षक मधोमध उभा आणि चित्र त्याच्या चहूबाजूंनी. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उघडली. हा चौफेर पसारा शब्दात अजून आहे. सान निकोलासवर पाठीमागे चर्च आणि घरं आहेत, डोळ्यांना मोकळीक आहे ती मुख्यतः एकाच अंगाला. त्याहून उंच सान मिगेल आल्तोच्या टेकडीवरून मात्र आल्बाइसीन, अल्हाम्ब्रा, खालचं शहर आणि बेगा असं सगळं पायाशी येतं, तिथे ‘पानोरामा’ शोभतो. दुसरी सावधगिरी अशी की रोजच्या बोलण्यात ‘पानोरामा’ परिस्थितीलाही लागतो, आणि ‘बाया पानोरामा’ असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ ‘काय हा सावळा गोंधळ’ असा होतो. चिलीत तर शनिवार-रविवारी फिरायला जायच्या बेतालाच ‘पानोरामा’ म्हणतात.

‘मिरादोर’ हा मुळातला शब्द तिने बरोबर वापरला होता. गोव्याच्या वाचकांना पणजीच्या मिरामारमुळे ‘मिरा’ ओळखीचा असेलच, पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हींत ते ‘पाहणं’. अल्हाम्ब्राच्या आतही एक मिरादोर आहे, लिन्दाराखाचा. त्याच्या खिडक्यांतून पूर्वी दूरचं शहर आणि दरी दिसायची. सोळाव्या शतकात राजा पाचव्या कार्लोससाठी समोर दालनं बांधली गेली आणि ती ‘बिस्ता’ बंद झाली. नाव मात्र मिरादोरच राहिलं. या एका उदाहरणाने तिला पाहण्याची जागा आणि दिसणारी गोष्ट यांतला फरक माझ्या सगळ्या स्पष्टीकरणापेक्षा पटकन कळला.

नवा परिच्छेद

«देस्दे एल मिरादोर दे सान निकोलास आय ऊनास बिस्तास प्रेसिओसास. एन्फ्रेन्ते, सोब्रे सु कोलिना, से आल्सा ला आलाम्ब्रा, रोखीसा आल आतार्देसेर. एन्त्रे लोस तेखादोस आसोमान लोस सिप्रेसेस दे लोस कार्मेनेस. आ ला देरेचा, मास आया दे ला सिउदाद, से एक्स्तिएन्दे ला बेगा, इ आल फोन्दो से रेकोर्ता सिएरा नेबादा, तोदाबिआ ब्लान्का. मि बेन्ताना दाबा आल पातिओ, पेरो देस्दे ला आसोतेआ से बेइआन लास तोर्रेस दे ला आल्कासाबा. एन ला प्लासा सिएम्प्रे आबिआ आल्गिएन तोकान्दो ला गितार्रा.»

मिरादोरवरून दृश्य अतिशय सुंदर. समोर आपल्या टेकडीवर अल्हाम्ब्रा उभी, दिवस कलताना लालसर. कौलांमधून कार्मेनांचे सरू डोकावतात. उजवीकडे शहरापलीकडे बेगा पसरली आहे, आणि मागे सिएरा नेबादाची कड, अजून पांढरी. माझी खिडकी पातिओवर उघडायची, पण गच्चीवरून आल्कासाबाचे बुरूज दिसायचे. चौकात नेहमी कुणीतरी गिटार वाजवत असायचं.

‘आय’ पहिल्या वाक्यात राहिला आहे आणि तो तिथे योग्य आहे. ‘बोनीतो’ची जागा ‘प्रेसिओसो’ने घेतली. ‘बोनीतो’ चूक नव्हता, पण इतक्या मोठ्या गोष्टीला किंचित तोकडा पडत होता. ‘लिन्दो’ गेला तो गिटारवाल्यांच्या वाक्याबरोबर. तो शब्द लॅटिन अमेरिकेत घरोघरी असतो, स्पेनमध्ये कमी ऐकू येतो. तिला तो फार आवडतो आणि पुढच्या पत्रात कुठेतरी घालीनच म्हणते. घालावा. परक्या भाषेत एखादा शब्द केवळ आवडतो म्हणून जवळ ठेवण्यात काही गैर नाही, आजींना तो नक्की समजेल.

आजींचं उत्तर आलं तेव्हा तिने मला दाखवलं. त्यांनी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. फक्त त्यांच्या पत्रात सिएरा नेबादा हे पूर्ण नाव एकदाही नव्हतं. ‘ला सिएरा’वर यंदा बर्फ बराच काळ टिकला, एवढंच होतं. ग्रानादात राहणाऱ्याला कुठली रांग ते सांगावं लागत नाही. पुढच्या पत्रात विद्यार्थिनीनेही ‘ला सिएरा’च लिहायचं ठरवलं आहे. ते पत्र सान मिगेल आल्तोवर तिने काढलेल्या फोटोंबद्दल आहे, आणि त्यासाठी ‘पानोरामा’ राखून ठेवला आहे.